विजूताईंची दोरवाली

विजूताई टिपणीस खोटं बोलत नव्हत्या. हे वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं, म्हणून ते आधी लिहून टाकतो. बाकीचं सावकाश सांगता येईल.

कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं नाव काढलं की जुनी माणसं आवाज खाली आणायची. "बाई चांगल्या हो, पण जरा..." असं म्हणून एक बोट कपाळाशी न्यायचं आणि हवेत फिरवायचं. ते 'जरा' म्हणजे एक जपानी कार्टून. आजची मुलं त्याला ॲनिमे म्हणतात. आमच्याकडे तेव्हा जे जे काढलेलं आणि हलणारं ते सगळं कार्टूनच. विजूताई म्हणत, ते आपल्या केबलवर दर बुधवारी दुपारी लागत होतं आणि घराघरांत बघितलं जात होतं. सोसायटी म्हणे, असलं काही कधी लागलंच नाही.

लागत होतं. मी लावत होतो. पुरावा मागाल तर नाही. पुरावा मीच पुसला.

विजूताई मकरपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. घराणं मूळचं रावपुऱ्यातलं, आजोबा संस्थानच्या नोकरीत. "आजोबांनी कागद इकडचे तिकडे केले, मी तारा इकडच्या तिकडे करते," असं सांगून घराण्याचा विषय त्या तिथेच संपवत. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "लाइन बिझी होती."

अंगाने बारीक, अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत. एक्स्चेंजवर वर्षानुवर्षं बसून त्यांना सवय लागली होती. तुम्ही बोलायला लागलात की त्या डावा कान तुमच्याकडे करत आणि डोळे भलतीकडे लावत. नव्या माणसाला वाटे, बाईंचं लक्ष नाही. लक्ष फक्त कानातच असे. त्या तुमच्याकडे सरळ बघायला लागल्या तर समजावं की ऐकायचं होतं तेवढं त्यांनी ऐकलं.

दार उघडलं की "या" नाही, "बोला". निघताना "येते" नाही, "ठेवते". हळदीकुंकू असो, कुणाच्या घरी दुःखाला भेटायला जाणं असो, उठल्या की "ठेवते", आणि मग मागे वळून बघणं नाही. जिन्यात कुणी कुणाची उणीदुणी काढत उभं असलं की जाता जाता म्हणायच्या, "लाइन चालू आहे हं." बोलणारे गप्प.

त्यांच्या कंपनीतली एक गोष्ट सगळ्या मकरपुऱ्यात फिरलेली होती. एक मोठे साहेब फोनवर हाताखालच्या माणसाला आईवरून बोलत होते. विजूताईंनी मधेच वायर काढली. साहेब तणतणत एक्स्चेंजमध्ये आले. "लाइन कशी कट झाली?" विजूताई म्हणाल्या, "तापली होती साहेब. गार व्हायला ठेवलीय. पाच मिनिटांनी जोडते. तोवर तुम्हीही पाणी प्या." साहेब पाणी प्यायले की नाही माहीत नाही, पण त्यांनी पुन्हा त्या बोर्डावरून शिवी दिली नाही, एवढं खरं.

मग कंपनीत आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं आणि विजूताईंना वेळेआधी निवृत्ती घ्यावी लागली. त्याच सुमारास आमच्या भागात केबल नवी होती. हसमुखभाईंनी सोसायटीच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेऊन तिला कंट्रोल रूम म्हणायला सुरुवात केली होती: दोन व्हीसीआर, एक मिक्सर, एक माइक, आणि हे सगळं चालवायला मी. विशीतला, डिप्लोमा झालेला, बेकारीला घाबरलेला. हसमुखभाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलं-सापडलं, पाणी येणार-न येणार असल्या सूचना वाचायला आवाज हवा होता. विजूताईंना त्यांनी जिन्यात "ठेवते" म्हणताना ऐकलं आणि थेट घरी गेले.

"विजूबेन, तमारो अवाज एटले मध!"

"मध म्हटलं की मुंग्या येतात, हसमुखभाई. काम सांगा."

काम त्यांनी चोख केलं, फक्त दिलेल्या मजकुरावर त्या थांबत नसत. एका दुकानदाराने सूचना दिली, माझा मुलगा घर सोडून गेला आहे, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये. विजूताईंनी ती जशीच्या तशी वाचली आणि पुढे म्हणाल्या, "आणि बाळा, ऐकत असशील तर आधी जेवून घे." दुकानदार धावत गच्चीवर आला. "हे मी लिहून दिलं होतं का?" "नाही. ते माझ्याकडून." दुसऱ्या दिवशी त्याच दुकानदाराच्या बायकोने कुणाच्या तरी हाती हांडवो पाठवला. मुलाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. हांडवो मात्र आम्ही तिघांनी खाल्ला, आणि त्या दिवसापासून हसमुखभाईंनी विजूताईंना काय वाचावं हे सांगणं सोडून दिलं.

आता ती कॅसेट.

विजूताईंच्या कंपनीत मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर येऊन काही महिने राहिला होता. तो परत गेल्यावर गेस्ट हाउसमध्ये मागे राहिलेलं सामान कंपनीने कामगारांमध्ये वाटून टाकलं. विजूताईंच्या वाट्याला कॅसेटचा एक खोका आला. त्यांनी तो आम्हाला आणून दिला, कारण केबलवाल्याला कोऱ्या कॅसेट कितीही पुरत नसत. आमच्याकडे एकेका कॅसेटवर तीन तीन गोष्टी चढलेल्या असत. कुणाचं लग्न, त्यावर कुणाचं सत्यनारायणाचं भजन, त्यावर सिनेमा.

खोक्यात बहुतेक मशीनचीच चित्रं होती. एक कॅसेट वेगळी निघाली. वर बॉलपेनने चार जपानी अक्षरं. आमच्या मशीनवर तिचे रंग उमटत नव्हते. राखाडी चित्र, मधेच वरखाली उडी मारणारं. समुद्राकाठचं गाव, धुकं, एक मुलगी काथ्या वळत बसलेली. हातमोजे घातलेला एक माणूस येतो, दोर बोटांनी चाचपतो, घेऊन जातो. मागे टेकडीवर लाकडाची एक उंच चौकट.

"हिंचको छे," हसमुखभाई म्हणाले. मलाही झोपाळाच वाटला. बडोद्यात घराघरात झोपाळा. दोन खांब आणि वर आडवं लाकूड दिसलं की आमच्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. विजूताईंनी चित्र मागे घ्यायला लावलं, पुन्हा बघितलं. म्हणाल्या, "पाट कुठाय झोपाळ्याला?"

तेव्हा कुठे आम्हाला कळलं, ती फाशीची चौकट होती.

आठवडाभर त्या रोज दुपारी येऊन आवाज बंद करून ती कॅसेट बघत होत्या. जपानी त्यांना एक अक्षर येत नव्हतं. मग म्हणाल्या, "अवि, बुधवारी दोन वाजता लाव. मी बोलते." मी विचारलं, पण ते खरं काय बोलताहेत ते आपल्याला कुठे माहितीये? त्या हसल्या. त्या क्वचित हसत. "इतकी वर्षं बोलणं ऐकलं, तोंडं दिसली नाहीत. आता तोंडं दिसताहेत, बोलणं कळत नाही. फिटंफाट."

आणि त्या बोलल्या. मूळ आवाज मी अगदी बारीक ठेवायचो, लाटांपुरता, आणि त्यावर विजूताई. मुलगीही त्याच, हातमोजेवालाही त्याच, गावही त्याच. कागद नाही, काही लिहिलेलं नाही. माइकवर आपला हातरुमाल गुंडाळायच्या, डोळे पडद्यावर न ठेवता खिडकीकडे लावायच्या, डावा कान मशीनकडे. मालिकेला त्यांनीच नाव दिलं: दोरवाली.

त्यांची गोष्ट अशी. मुलगी दोर वळून पोट भरते. गिऱ्हाईक येतं तेव्हा ती विचारते, "दोर कशाला हवाय?" हातमोजेवाला म्हणतो, "ओझं उतरवायला. मऊ दे." बाकीची गिऱ्हाइकं मजबूत दोर मागतात, हा एकटा मऊ मागतो, म्हणून तिचा त्याच्यावर जीव जडतो. तो गावाचा फाशी देणारा आहे हे तिला माहीत नाही. मऊ दोर तो का मागतो हे आपल्याला कळतं, तिला कळत नाही. आणि तिच्या बापाला टेकडीवर ज्या दोराने फाशी दिलं तो तिनेच वळलेला होता, हे त्यालाही फार उशिरा कळतं.

मी टेक्निशियन माणूस. वायरी जोडायच्या, चित्र नीट जातंय का बघायचं, एवढं माझं काम. पण त्या बुधवारी दुपारी मी मिक्सरवरचा हात काढून बसलेलो असायचो.

खाली सोसायटीत काय चाललं होतं ते मला गच्चीवरून दिसत होतं. दोनच्या सुमाराला जिने ओस पडायचे, शिलाई मशीन थांबायची, ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता त्या दुसरीकडे जाऊन बसायच्या. पुरुष सगळे कामावर. पाटणकरवहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्या आणि दोरी तुटली म्हणून शेजारच्या कोकिळाबेनकडे दुसरी मागितली, तर कोकिळाबेनने घोगरा आवाज काढून विचारलं, "दोर कशाला हवाय?" पाटणकरवहिनी म्हणाल्या, "ओझं उतरवायला, बाई, ओझं उतरवायला! मऊ दे!" आणि दोघी पाण्याच्या टाकीला टेकून हसत राहिल्या. हे मी पाहिलं आहे. या डोळ्यांनी.

एकदा मी कोऱ्या कॅसेटच्या ढिगात चुकून तीच टाकत होतो. विजूताईंनी ती हातातून काढून घेतली. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी असते. ती मोडली की मशीन त्या कॅसेटवर नवीन काही भरून घेत नाही. विजूताईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि ती पट्टी कट्कन मोडली. "आता हिच्यावर कुणाचं लग्न चढणार नाही."

शेवटचा भाग मात्र कॅसेटमध्ये नव्हताच. मुलीला सगळं कळलेलं आहे. रात्री दारावर थाप पडते. बाहेर तो, हातमोजे काढलेले, उघडा तळहात दारावर टेकवून. आत ती, हातात दोर. ती दाराजवळ येते. तेवढ्यात चित्र फाटतं आणि नुसती खरखर. विजूताई माइकवर म्हणाल्या, "तिनं दार उघडलं की नाही, ते पुढच्या बुधवारी."

मी म्हटलं, "विजूताई, पुढे चित्रच नाहीये. पडद्यावर काय दाखवू?"

"काही नको. काळा ठेव. फोनवर कुठे चित्र असतं?"

तो बुधवार आलाच नाही. पाटणकरांची मेघना सोमवारी घरातून गेली. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेल्या मुलाबरोबर; वेगळ्या जातीचा, एवढंच त्याचं चुकलं होतं. सुरतेहून तिने आईला फोन केला आणि म्हणाली, "आई, मी दार उघडलंय."

पाटणकर शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, कसलं दार? वहिनी घाबरल्या. दुपारी आपणही ते बघत होतो हे नवऱ्याला सांगायचं कसं? त्या म्हणाल्या, "त्या विजूताईंनी काहीतरी डोक्यात भरवलंय पोरीच्या."

पाटणकर सोसायटीचे चेअरमन. ते गच्चीवर येऊन गेले, पोलिसांचं नाव घेऊन गेले. पोलीस आले तर कार्टून राहिलं बाजूला, आमचे सगळे चोरीचे सिनेमे बाहेर पडणार होते. हसमुखभाईंचा चेहरा उतरला. ते मला म्हणाले, "अवि, पेली केसेट. आजे ने आजे."

ती कॅसेट, आजच्या आज, एवढंच म्हणाले. पुसायची, हे मी समजलो. कसं करायचं ते मला येत होतं. मोडलेल्या पट्टीच्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा लावला की मशीन फसतं. नवरात्र चालू होतं, आमच्याकडे गरब्याचं रेकॉर्डिंग होतं. एका मशीनवर गरबा, दुसऱ्यावर दोरवाली. मी बटण दाबलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. सगळं चढल्यावर सेलोटेप काढला आणि कॅसेट तिच्या जागी ठेवली.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा बोलावली. पाटणकरांनी उभं राहून आरोप केला: या बाईने माझ्या मुलीला घरी बोलावून पळून जायचे धडे दिले. विजूताई म्हणाल्या, "मी तिला एकदाही घरी बोलावलेलं नाही. जे बोलले ते केबलवर, सगळ्यांसमोर बोलले. इथे बसलेल्या सगळ्यांनी ऐकलंय."

पाटणकरांनी एकेकीला विचारलं. "तुम्ही बघितलंय असलं काही?"

"आम्ही दुपारी झोपतो," एकजण म्हणाली. दुसरी तेच म्हणाली, तिसरी तेच म्हणाली. प्रत्येकीच्या शेजारी नवरा होता. कोकिळाबेन म्हणाल्या, "अमे तो टीवी ज नथी जोता." म्हणजे टीव्हीच बघत नाहीत. पाटणकरवहिनी पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होत्या.

विजूताई शांत होत्या. त्या गच्चीवर गेल्या, कॅसेट घेऊन आल्या. पट्टी मोडलेली होती ना, त्यांना कसली काळजी? हॉलच्या टीव्हीला व्हीसीआर जोडलेला होता. स्वतःच्या हाताने त्यांनी कॅसेट आत सरकवली आणि बाजूला उभ्या राहिल्या.

गरबा सुरू झाला. ढोल, टाळ्या, रंगीत चणियाचोळ्या. मागे बसलेल्या एका लहान मुलीने ठेका धरला. मग कुणीतरी हसलं, मग सगळा हॉल हसला.

विजूताईंनी कॅसेट बाहेर काढली. कडेवरून अंगठा फिरवला. खाचेपाशी अंगठा अडला. सेलोटेपचा गोंद राहिला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कान वळवून नाही, सरळ.

पाटणकर म्हणाले, "अवि, केबलवर सगळं तूच लावतोस. तूच सांग."

मी म्हणालो, "असं काही लागलं नव्हतं."

विजूताई म्हणाल्या, "ठेवते." आणि निघून गेल्या.

कुणाला वाटेल, त्यानंतर त्या घरात तोंड लपवून बसल्या असतील. छे! लपलो आम्ही. मी समोरून त्या दिसल्या की स्कूटर दुसऱ्या गल्लीत घालायचो. विजूताई सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेला येत, पहिल्या रांगेत बसत. पाणी, पार्किंग, जिन्याचा रंग, सगळं होऊ देत. शेवटी अध्यक्षांनी "आयत्या वेळचे काही विषय?" असं विचारलं की उभ्या राहत. "कार्टून लागत होतं. नोंद घ्यावी." आणि खाली बसत. दर वर्षी. सेक्रेटरी बदलले, चेअरमन बदलले, त्यांचं वाक्य बदललं नाही. नोंद कुणीच घेतली नाही. पोरं त्यांची नक्कल करत. एका वर्षी कुणीतरी मागून ओरडलं, "आजी, बसा आता!" त्या वळून म्हणाल्या, "बसतेच आहे. उभं राहायला तुम्हाला जमत नाही म्हणून मला राहावं लागतं."

तोवर पाटणकरांचा राग कधीच विरला होता. नातवंडं झाली, जावई दिवाळीत आमरस-पुरी नाही तरी श्रीखंड-पुरी खायला येऊ लागला. मेघनाला सगळं माफ झालं. विजूताईंशी बोलणं मात्र कुणी सुरू केलं नाही. कारण मेघनाने फक्त घर सोडलं होतं. विजूताईंना खरं म्हणायचं तर अख्ख्या सोसायटीला स्वतःला खोटं म्हणावं लागलं असतं.

केबलचा धंदा गेला, मी सीसीटीव्ही बसवायला लागलो. आता दिवसभर लोकांना सांगतो, घाबरू नका, सगळं रेकॉर्ड होतंय, काही पुसलं जात नाही.

गेल्या वर्षी माझी मुलगी मोबाईल घेऊन आली. "बाबा, हे बघा काय लिहिलंय कुणी." बडोद्यात वाढलेल्या कुणीतरी विचारलं होतं: लहानपणी केबलवर एक राखाडी जपानी ॲनिमे मराठीतून लागायचं, दोर वळणारी मुलगी आणि फाशी देणारा, कुणाला आठवतं का? खाली लोकांनी त्याची थट्टा मांडली होती. अशी मालिका जपानच्या कुठल्याही यादीत नाही. मराठीत ॲनिमे, तेही बडोद्यात? स्वप्न पडलं असेल. एकाने तर अशा खोट्या आठवणी कशा तयार होतात यावर लांबलचक लिहिलं होतं.

"तुम्ही केबलमध्ये होता ना? होतं का असलं काही?"

आणि माझ्या तोंडून आलं, "नव्हतं." विचार न करता. सवयीने.

ती हसली. "वाटलंच."

त्या हसण्याने मला हॉलमधलं हसणं ऐकू आलं. नंतर मी स्वतः शोधलं. ती गोष्ट कुठेच नाही, आणि सापडेल कशी? गोष्ट विजूताईंची होती. पण चित्रं तर त्यांची नव्हती! ते धुकं कुणीतरी हाताने काढलं होतं. त्या कॅसेटवरची चार अक्षरं मला वाचता आली असती तर कदाचित पत्ता लागला असता; तीही मी जपली नाहीत. ती मालिका कुणी केली, कुठे दाखवली, दाखवली तरी का, तो इंजिनिअर ती इतक्या दूर का घेऊन आला, मला माहीत नाही. जपानातही एखादं म्हातारं माणूस "आम्ही केली होती हो" म्हणत बसलेलं असेल आणि त्याच्याकडे बघूनही लोक बोट हवेत फिरवत असतील.

दुसऱ्या दिवशी मी विजूताईंचं दार वाजवलं.

"बोला."

सत्तरी ओलांडलेल्या, अंबाडा पांढरा, पण तसाच घट्ट. बशीत चहा ओतून प्यायला दिला. मी म्हटलं, "विजूताई, ती कॅसेट मी पुसली."

"माहितीये. गोंद अंगठ्याला चिकटला होता माझ्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर काय झालं असतं? तुझी नोकरी गेली असती, आणि सगळे म्हणाले असते, बघा, त्या पोराचंच सगळं. सुटले असते." त्यांनी डावा कान माझ्याकडे केला, डोळे खिडकीकडे. "अवि, पुसणारा तू एकटा होतास. बघणारे सगळे होते. मला तुझ्याकडून नको होतं, त्यांच्याकडून हवं होतं."

"मी सांगतो आता. सगळं सांगतो."

"मला कशाला सांगतोस? मी बघितलंय ते. सभा आहे रविवारी. आयत्या वेळच्या विषयात सांग."

रविवारी लिफ्टवरून भांडण झालं, टाकीच्या साफसफाईवरून झालं. मग नव्या, तरुण सेक्रेटरीने विचारलं, "आयत्या वेळचे काही विषय?" आणि हसू दाबत विजूताईंकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. विजूताई उठल्या नाहीत. पंख्याकडे बघत बसल्या, डावा कान माझ्या बाजूला.

मी उभा राहिलो. मी म्हणालो, "कार्टून लागत होतं. दर बुधवारी दुपारी. मी लावत होतो. त्यावर गरबा मी चढवला. या हॉलमध्ये मी खोटं बोललो. विजूताई खरं बोलत होत्या. नोंद घ्यावी."

सेक्रेटरी गोंधळला. "काका, हे मिनिट्समध्ये लिहायचं?"

"लिहा."

भिंतीजवळच्या खुर्चीतून आवाज आला. पाटणकरवहिनी. आता खूप थकलेल्या. "मऊ दोर मागायचा तो," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, आपल्याशीच.

"अने पेलो हिंचको!" कोकिळाबेन ओरडल्या. "अमे तो हिंचको समज्या हता!"

मग हॉल फुटला. एकीला धुकं आठवलं, एकीला हातमोजे. दुपारी झोपणाऱ्या सगळ्या एकदम जाग्या झाल्या. पाटणकरांनी बायकोकडे बघितलं. "मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारत कुठे होता? ओरडत होता." मग पाटणकरवहिनी पुढे वाकल्या. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेला प्रश्न अखेर बाहेर आला. "विजूताई, दार उघडलं का हो तिनं?"

विजूताई काठीवर भार देऊन उठल्या.

"कुणी?"

"त्या दोरवालीनं."

"कुठली दोरवाली? तुम्ही तर दुपारी झोपत होता."

त्यांनी सेक्रेटरीकडे मान वळवली. "लिहिलंत?"

"हो आजी."

"वाचा."

त्याने वाचलं. बुधवारी दुपारी केबलवर कार्टून लागत होते. विजूताईंनी डावा कान त्याच्याकडे करून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"विजूबेन, पण शेवट तर सांगा!" मागून दोघीतिघी म्हणाल्या.

"शेवट माझ्याजवळ आहे. कुणी पुसू शकणार नाही असा."

मलाही तो त्यांनी कधी सांगितला नाही. मी विचारलंही नाही. तेवढा हक्क मी गमावलेला होता. पुढे थंडीत त्या गेल्या, शेवट घेऊन गेल्या. त्या मोबाईलवरच्या प्रश्नाखाली मी माझं पूर्ण नाव टाकून लिहिलं आहे, "होती." मुलीला शेजारी बसवून लिहिलं. खाली लगेच कुणीतरी पुरावा मागितला. मागू देत.

मी त्यांना त्यानंतरही एकदोनदा भेटलो, पण आठवतात त्या मात्र त्या रविवारी दुपारी सभेतून घरी निघालेल्या. हॉलच्या खिडकीतून दिसणारं सोसायटीचं मैदान, टेकत टेकत जाणारी काठी. आत दोन तट पडले होते. उघडलं असणार, ती तशी मुलगी नव्हती, अहो बापाला मारलं त्याने, अहो पण मऊ दोर... आवाज चढत होते. मैदानाच्या मध्यावर विजूताई थांबल्या. वळल्या नाहीत. फक्त डावा कान हॉलकडे झाला. बराच वेळ त्या ते भांडण ऐकत उभ्या होत्या.

मग त्यांचे ओठ हलले. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ऐकायची गरज नव्हती.

"ठेवते."